कोरड्या नळाखालचा चहा

हॉस्पिटलने तिसऱ्या मजल्यावर एक स्वयंपाकघर थाटलं होतं. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा, त्यातला प्रकार. दारावर देणगीदाराचं नाव हातभर अक्षरांत, आत चकचकीत ओटा, नवीकोरी भांडी, दोन बर्नरची शेगडी. फक्त शेगडीला गॅस नव्हता आणि नळाला पाणी नव्हतं. सुरक्षिततेसाठी, म्हणे. पेशंट घरी जाऊन आपलं आपण करू शकेल का, हे इथे तपासायचं. म्हणजे माणसाला फरशीवर पालथं पाडून पोहता येतं का ते बघायचं.

ही तपासणी करणाऱ्या थेरपिस्टला वॉर्डात सगळे खडूस म्हणत. आजारातून उठलेल्या माणसाला बटण लावणं, घास तोंडापर्यंत नेणं, अंघोळ करणं पुन्हा शिकवायचं, हे तिचं काम. शिकवताना ती स्वतःचे हात पाठीमागे बांधून उभी राही. पेशंट एका बटणाशी वीस मिनिटं झुंजला तरी ते हात पुढे येत नसत. नातेवाईक वैतागत. "अहो, जरा मदत करा की."

"मी लावलं तर ते माझं बटण झालं," ती म्हणे. "घरी मी येणार आहे का?"

एवढी कडक बाई, पण सोमवारी तिनेही माती खाल्ली.

पेशंट होती निवृत्त बस कंडक्टर. वय सदुसष्ट, मेंदूत गुठळी होऊन डावा हात लुळा पडलेला, जीभ मात्र शाबूत. थेरपिस्टने तिला त्या स्वयंपाकघरात आणलं आणि फॉर्मवरचं वाक्य वाचलं, "एक कप चहा करून दाखवा."

कंडक्टरबाईंनी नळ फिरवला. मग शेगडीचं बटण. मग थेरपिस्टकडे बघितलं.

"पाणी नाही."

"आहे असं समजून करा."

"भातुकली खेळायचं वय गेलं माझं," असं म्हणून त्यांनी तोंड फिरवलं.

बाहेर आणखी सहा पेशंट ताटकळत होते. थेरपिस्टने 'सूचना पाळत नाही' या चौकटीत खूण केली आणि सही ठोकून मोकळी झाली.

बुधवारी दुपारी मोठे डॉक्टर आले. त्यांनी पेशंटकडे न बघता कागदाकडे बघितलं. "भान कमी आहे. एकटीने राहणं धोक्याचं." शेजारी मुलगा उभा होता. आई दहा वर्षं एकटी राहत होती, तेव्हा काळजीने याची एकाही रात्रीची झोप उडाली नव्हती. आता वृद्धाश्रमाचा अर्ज भरून खिशात तयार.

"उद्या सकाळीच हलवतो," तो म्हणाला. "आईच्याच भल्यासाठी."

"माझं भलं मला विचारायची पद्धत गेली वाटतं," कंडक्टरबाई म्हणाल्या आणि थेरपिस्टकडे वळल्या. "तुम्हीच लिहिलंत ना? कोरड्या नळाखाली चहा केला नाही म्हणून मी वेडी. आणि केला असता तर मग मी कोण ठरले असते?"

थेरपिस्टने व्हीलचेअरचा ब्रेक काढला.

"कुठे नेताय?" मुलाने विचारलं.

"चहा प्यायला. तुम्हीही या."

वॉर्डच्या टोकाला नर्सची पॅन्ट्री होती. कळकट, पण गॅस पेटणारी. डाव्या बर्नरवर कुणाचं तरी दूध मंद आचेवर होतं. थेरपिस्टने हात मागे बांधले.

कंडक्टरबाईंनी साखरेची बरणी मांड्यांत दाबून एका हाताने झाकण काढलं. पातेलं अर्धं भरलं, उजवा बर्नर पेटवला, मापात पावडर टाकली. "सांडेल, सांडेल," करत मुलगा पुढे झाला तशी थेरपिस्ट त्याच्या आडवी उभी राहिली. कंडक्टरबाईंनी पातेलं फडक्यात धरून चहा तीन कपांत ओतला, उजवा गॅस बंद केला. मुलगा फुंकर घालत भुरके मारू लागला आणि पिता पिता म्हणाला, "पण हिला काही म्हणजे काही जमत नाही हो."

"जळकट वास येतोय," कंडक्टरबाई म्हणाल्या. त्यांनी उजवीकडे बघितलं, समोर बघितलं, पुन्हा उजवीकडे. डावीकडे टाकलेल्या फडक्याचं टोक दुधाखालच्या जाळात गेलं होतं.

खडूसचे हात पाठीमागून सुटले. तिने गॅस बंद केला, फडकं सिंकमध्ये फेकलं.

"बघितलंत?" मुलगा म्हणाला. त्याचा चेहरा उजळला होता, मेल्याचा.

थेरपिस्टला स्वतःचीच शिसारी आली. सोमवारच्या त्या देखण्या खोलीत जो दोष नव्हता तो तिने लिहिला, आणि जो होता तो दिसला नाही, कारण तिथे जळायला काही नव्हतंच.

"भान शाबूत आहे तुमचं," तिने कंडक्टरबाईंना सांगितलं. "पण तुमच्या मेंदूने डावी बाजू सोडून दिलीय. डोळे बघतात, तो दखल घेत नाही." तिने ओट्याच्या डाव्या कडेला लाल चिकटपट्टी लावली. "ही दिसेपर्यंत मान वळवायची. त्याआधी कशाला हात लावायचा नाही."

"बस सोडताना दोन्ही दारं बघायची, तसं."

"तसंच."

दुसऱ्यांदा चहा करताना त्या पट्टी बघायला विसरल्या. तिसऱ्यांदाही. चौथ्यांदा पट्टी शोधली, पाचव्यांदा न सांगता. मुलगा तोवर दोनदा फोनवर बोलून आला.

थेरपिस्टने सोमवारची खूण खोडली. शेजारी लिहिलं, 'चाचणी मी चुकीच्या पद्धतीने घेतली.' खाली लिहिलं, 'घरी जाऊ शकतात. पंधरा दिवस थेरपी. तोवर शेगडीजवळ सोबत हवी.'

वॉर्डात परतल्यावर मोठ्या डॉक्टरांनी कागद वाचून भुवया उंचावल्या. "स्वतःविरुद्ध लेखी देताय? नोकरी नकोशी झालीय का?"

"चूक लेखी होती," ती म्हणाली.

"आणि सोबत कोण करणार?"

मुलाने घड्याळात बघितलं.

"खालची शेजारीण करेल," कंडक्टरबाई म्हणाल्या. "नाही आली त्या दिवशी थंड दूध पिईन."

"परक्या बाईला सांगणार?" मुलगा म्हणाला. "लाज नाही वाटत?"

"तुला सांगायची वाटते," आई म्हणाली आणि कागद डॉक्टरांपुढे सरकवला. डॉक्टरांनी पेशंटकडे न बघताच सही केली.