मे महिन्यातली भरलेली विहीर

माझे आबा घर बघायला गेले की घर बघतच नाहीत. दारात चप्पल काढतात, तडक मोरीत जातात, नळ सोडून धार बघतात आणि अंगणात टाकी असली तर बोटाने टकटक वाजवून ती कुठवर भरली आहे ते सांगतात. खोल्या किती, वारा कुठून येतो, हे त्यांच्या लेखी नंतरचं. सारी हयात लातुरात काढलेल्या माणसाला यात नावं तरी काय ठेवायची? एका उन्हाळ्यात तर आमच्या गावाला रेल्वेने पाणी आलं होतं. मीही तिथलीच. नांदेडला नर्स म्हणून लागले तरी पेल्यात उरलेलं पाणी मी अजून कुंडीत ओतते.

आई गेल्यापासून आबा तिकडे एकटे होते, आणि गुडघे पार कामातून गेलेले. "आमच्याकडे या" म्हणून मी आणि माझा नवरा प्रीतम हात धुऊन मागे लागलो, पण आबा ढिम्म हलेनात. शेवटी या उन्हाळ्यात त्यांनी अट घातली. "मे महिन्यात पाणी आसंल आसं घर दाव, मंग येतो." घरं बघायला ते नांदेडला आले खरे, पण म्हातारा एकदा लातूरला परत गेला की पुन्हा हाती लागायचा नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. प्रीतमची ड्युटी मुदखेडला, त्यामुळे उन्हातान्हात घरं बघत हिंडणं आम्हा बापलेकीच्या वाट्याला आलं.

सकाळी बघितलेलं चढावरचं घर आबांनी उंबऱ्यातूनच नापास केलं. नळ तिसऱ्या दिवशी येतो म्हणाले तिथले लोक. दुपारी आम्ही नदीकडच्या अंगाला सिद्धलिंग नावाच्या गृहस्थांचं घर बघायला गेलो. बैठं घर, पुढे अंगण आणि अंगणात चक्क विहीर. आबांनी खडा टाकला. तो पडल्याबरोबर डुबकन वाजला.

"शीला, हात घातला तरी लागंल की गं!" आबा कठड्याला धरून वाकून बघत होते. आई गेल्यानंतर त्यांचा चेहरा इतका खुललेला मी पहिल्यांदाच बघत होते. मला भरून आलं.

"बोअर हाय का?" त्यांनी सवयीने विचारलं.

"बोअर कशाला लागते, अण्णा? बाराही महिने हिरीला पाणी हाय," सिद्धलिंग म्हणाले.

खोल्याही नीटनेटक्या होत्या. भिंतींना छातीपर्यंत फरशी बसवलेली, पुसायला सोपी, असं मी मनाशी म्हटलंसुद्धा. बुद्धपौर्णिमेला सामान हलवायचं, हे आबांनी तिथल्या तिथे जाहीर करून टाकलं.

घर ठरवण्याआधी शेजारी चहा घ्यायचा, ही आमच्या आईची शिस्त. शेजारच्या लक्ष्मम्मांनी बोलावलंच होतं. त्या मूळच्या देगलूरच्या, बोलताना मध्येच तेलुगूत शिरायच्या. आबा विहिरीपासून हलायला तयार नव्हते, म्हणून मी एकटीच गेले. घर लख्ख होतं, पण फ्रिज कमरेएवढ्या ओट्यावर, विजेची बटणं माझ्या डोक्याच्या वर आणि धान्याच्या कोठ्या माळ्यावर. बटण लावायला लक्ष्मम्मांनी काठी ठेवली होती.

"एवढं सगळं उंचावर का हो?"

"पाणी येतंय की," त्या चहा गाळता गाळता म्हणाल्या. "वर विष्णुपुरी धरणाचं दार उघडलं, पाऊस बी लागला, की मागचा नाला उलटा फिरतंय. येतंय, दोन दिवस बसतंय, जातंय. आधी क्वचित यायचं. आता पाऊसच तसा पडून राहिला, सालाआड येतंय."

पावसापाण्यावर सहज बोलावं तशा त्या बोलल्या. माझ्या डोळ्यांसमोर मात्र त्या छातीपर्यंतच्या फरश्या आल्या. लातूरची माणसं आम्ही. पाणी आटतं का, एवढंच आम्ही जगाला विचारत आलो. ते घरात शिरतं का, हे विचारायचं असतं हेच आम्हाला माहीत नव्हतं.

खरं सांगते, आबांना काही बोलूच नये असं वाटलं. पावसाळ्याला अवकाश होता, आणि ते येतो म्हणत होते. पण माझी नाइट ड्युटी असते. रात्री पाणी चढलं तर आबा खाटेवरून उठणार कसे? मी अंगणात जाऊन त्यांना सगळं सांगितलं.

आबांचा विश्वास बसेना. ते स्वतः लक्ष्मम्मांकडे आले, ओटा बघितला, बटणं बघितली. मग विचारलं, "घरात म्हातारं माणूस हुतं का कुणी?"

"सासरे हुते की. चौघांनी खाटेसकट उचलून गच्चीवर नेलं."

आबांनी जिन्याकडे बघितलं. मग गुडघ्यावर हात ठेवून ते एकेक पाऊल टाकत बाहेर आले.

सिद्धलिंगांना मी जरा तडकूनच विचारलं. ते शांतपणे म्हणाले, "ताई, तुम्ही बोअर हाय का ते इचारलं. पुराचं इचारलं आसतं तर सांगितलं आसतं. समद्या गल्लीला ठाव हाय." मी आणखी बोलणार होते, पण आबांनी माझा हात दाबला.

रस्त्यावर आल्यावर मी त्यांच्याकडे बघायचं टाळत होते. आता लातूरची गाडी कधी आहे ते विचारतील, याची वाट बघत होते.

"सकाळचं ते चढावरचं घर," आबा म्हणाले. "ते घेतो म्हणून सांगून टाक."

"आबा, तिथं तिसऱ्या दिवशी नळ येतो. मे महिन्यात कधी कधी तोही नाही."

"नसू दे. पाण्याची वाट बघायला येतं मला, जल्मभर तेच केलं. पाण्याफुडं पळायला ह्या गुडघ्यानं न्हाई जमायचं."

मला हसू आणि रडू एकदमच आलं. मी त्यांचा हात घट्ट धरला. तो सोडवून न घेता ते म्हणाले, "टेम्पो मोठा सांग प्रीतमला. लातुरातले पाण्याचे समदे डरम आणायचेत."