रेवाने ठरवायचं

दौलतने टाकलेला फासा चटईवरून घरंगळत कपाटाखाली गेला. आनंदने तो पट्टीने बाहेर ओढला.

"दोन. तुझा चोर पकडला गेला."

"छ्या! पळतोय ना मी!"

"पळायचं तू ठरव. सुटलास की नाही ते फासा सांगणार."

आनंदच्या मामेभावाने ब्याण्णव साली अमेरिकेहून हा पात्रं घेऊन गोष्ट रचत जायचा खेळ आणला, तेव्हापासून डोंबिवलीतल्या या खोलीत दर रविवारी दुपारी हेच चालायचं. राजे, दरोडेखोर, गावकरी सगळे आनंदच्या तोंडून बोलायचे. पण खेळणाऱ्याच्या पात्राने काय करायचं, ते फक्त त्या खेळणाऱ्याने ठरवायचं. या नियमाच्या बाबतीत आनंद भलताच कडक.

तिघांतल्या शेवंतीचं पात्र रेवा, होडीवाली. ती कुठल्याच गावात टिकायची नाही. तिने राहावं म्हणून आनंदने काय काय गावं रचली! आमराया झाल्या, घाट झाले, गेल्या महिन्यात तर एक तरणा लोहारही आणला. हा लोहार म्हणजे कोण, ते दौलतलाही कळत होतं.

आज शेवटचा खेळ होता. शेवंतीला नाशिकचं स्थळ आलं होतं आणि संध्याकाळी घरचे होकार कळवणार होते.

आनंदने घसा खाकरला. "लोहार घाटावर येतो. म्हणतो, रेवा, राहा ना इथेच."

एरवी शेवंती लगेच म्हणायची, मी होडी सोडते. आज ती ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत बसली.

"आनंद, आज तू सांग. रेवा काय करते?"

आनंदला एकदम भरून आलं. राहते, एवढंच त्याला इतकी वर्षं ऐकायचं होतं. पण ते तिच्या तोंडून, आपण तिच्या तोंडी घातलेलं नाही.

"असं कसं? रेवा तुझी आहे. तूच ठरवायचं."

"एकदाच सांग की रे."

"नियम म्हणजे नियम, शेवंती."

"बरं. मग होडी सोडते." तिने उठून चपला घातल्या. "निघते. आई वाट बघत असेल."

दार लागलं तसा दौलतने कपाळावर हात मारून घेतला.

"अरे शहाण्या, ती काय खेळातलं विचारत होती?"

आनंद धावत गॅलरीत गेला. शेवंती खाली गेटपाशी थांबून वर बघत होती. जाऊ नकोस, असं त्याच्या अगदी ओठांवर आलं. पण ती आपणहून परत येईल म्हणून तो कठडा धरून वाट बघत राहिला.

तिनेही थोडा वेळ वाट बघितली.