चौसष्ट दोऱ्यांची आठवण

त्या सकाळी माझ्यावर ताण्याचे बाराशे उभे धागे होते. एक फणी, दोन पायपट्ट्या, एक धोटा, नक्षीचे चौसष्ट पांढरे दोरे आणि अर्धा विणलेला एक शेला. लग्नाला तीन दिवस उरले होते.

मित्रांनो, मी लाओसच्या डोंगरातला एक जुना हातमाग आहे. खांबांवरच्या एका घराखाली, सावलीत उभा असतो. या घरच्या मुलीच्या, सामोनच्या आजोबांनी मला अठ्ठावन्न वर्षांपूर्वी तासले. आजीने माझ्यावर इतके विणले की बसायची फळी मधोमध खोलगट झाली. आजी गेली, घरचे लोक भाजीच्या मळ्यात गुंतले आणि नऊ वर्षे माझ्यावर फक्त कोंबड्या बसल्या. मग पंधरा वर्षांच्या सामोनने एका दुपारी मला खरवडून धुतले. आता ती पंचवीसची आहे, आणि तिच्या लग्नाचे सगळे काही माझ्याच आसपास चालले होते.

आमच्याकडे नवरी सासरच्या थोरामोठ्यांना हातचे कापड देते. सामोनच्या नऊ उशा शिवून झाल्या होत्या, सात लुंग्या घडी घालून ठेवल्या होत्या. राहिला होता पेंग आजींचा शेला. पेंग आजी म्हणजे नवरदेवाची, वोनखामची आजी. त्याला लहानाचा मोठा त्यांनीच केला. त्या स्वतः विणणाऱ्या. साखरपुड्याला सगळ्यांसमोर म्हणाल्या होत्या, "मला बाजारातलं नको हं. शेला तुझ्या हातचा असला तर लग्नात तुझ्या मनगटाला पहिला दोरा मी बांधीन. नसला तरी येईनच की, पाहुण्यांत बसून जेवीन."

पहिला दोरा बांधणे म्हणजे सुनेला आपल्या घरात घेणे. तो ज्या बाईच्या हातून हवा, ती जेवणाच्या पंगतीत बसली तर गाव ते वर्षानुवर्षे विसरत नाही.

आता माझ्या दोऱ्यांबद्दल सांगतो, कारण पुढचे सगळे त्यांच्यामुळे घडले. नक्षीच्या प्रत्येक ओळीसाठी माझ्यात एक आडवा दोरा असतो. कोणते धागे उचलायचे, हे त्याच्या लक्षात असते. ओळ विणली की विणकरीण तो दोरा ताण्याच्या वरून काढून खाली अडकवते. सगळे दोरे खाली गेले की अर्धी नक्षी झाली. मग तेच दोरे उलट्या क्रमाने वर घ्यायचे, की उरलेली अर्धी आरशातल्यासारखी उमटते. ही नक्षी कागदावर कुठेच नव्हती. सामोनच्या आजीने ती माझ्यात घातली होती, आणि ती फक्त माझ्यातच होती.

त्या सकाळी चौसष्टच्या चौसष्ट दोरे खाली लोंबत होते. सामोन शिंप्याकडे पोलक्याचे माप द्यायला गेली होती. तिच्या बुनलाई मावशी माझ्या शेजारी बसून केळीच्या पानांचा उंच द्रोण बांधत होत्या. त्यात झेंडू खोवायचा आणि पाहुण्यांच्या मनगटाला बांधायचे पांढरे दोरे लटकवायचे. दोरे कमी पडले. मावशींनी इकडेतिकडे पाहिले, मग माझ्याखाली पाहिले.

सामोन परतली आणि फळीवर बसली. तिचा हात खाली गेला, रिकामाच वर आला.

"मावशी, इथले दोरे?"

"ते लोंबत होते ते? कापून घेतले की. चांगलं स्वच्छ सूत, वाया कशाला घालवायचं? एकेकाचे तीन झाले बघ."

मावशींनी तिच्या तोंडाकडे पाहिले आणि हातातला झेंडू खाली ठेवला. "काय केलं गं मी?"

तिने सांगितले. मावशी रडायला लागल्या, मग रडताना एकदम सावरून म्हणाल्या, "असं करू. मी आत्ता गाडीवरून शहरात जाते. तसाच एक शेला आणते. कोण बघतंय?"

"पेंग आजी बघतील. शिवाय आपल्या आजीची नक्षी कुठून आणशील?"

सामोन बराच वेळ माझ्यापुढे वाकून बसली. मग तिने विणलेल्या भागावर बोट फिरवले. आमच्याकडे कापड पालथे विणतात, सुलट बाजू खाली असते. ती उठून वर गेली आणि लग्नाच्या सकाळी नटायला आणलेला कोरा आरसा घेऊन आली. तो तिने ताण्याखाली टेकवला.

"मावशी, नक्षी गेलेली नाही. निम्मी इथंच विणलेली आहे. मला शेवटच्या ओळीपासून मागं मोजत जायचंय. आणि तीच ओळ मला आधी लागणार आहे."

बांबूची काडी घेऊन ती विणलेल्या ओळीतला एकेक धागा मोजू लागली. कोणता वर, कोणता खाली. तेवढे धागे काडीने उचलायचे, त्यांच्यातून नवा दोरा ओवायचा, मग रंगीत सूत घालायचे. पहिल्या ओळीला चाळीस मिनिटे लागली. दोनदा चुकली, दोनदा उसवली. विसाव्या ओळीला चौदा मिनिटे पुरली.

लग्नघर मात्र थांबत नाही. मांडववाला विचारून गेला, आचारी विचारून गेला. शिंपी पोलके घेऊन आला आणि ती बसलेली असतानाच त्याने बाही टाचली. "नवरीबाई, जरा हात वर," तो म्हणाला. "एकशे सात, एकशे आठ, थांबा," ती म्हणाली. वोनखामचा फोन आला, की गाण्यांचे कर्णे दोन आणू का चार. मावशींनी परस्पर सांगितले, "एकही आणू नकोस. ती मोजतीय." बाकीच्या कामांना दारातच अडवायचे काम मावशींनी त्या तीन दिवसांत असे केले, की आचारीही त्यांना बिचकू लागला.

शेवटची ओळ लग्नाच्या आदल्या दिवशी, ऊन उतरायच्या आत पडली. फणी आपटली तेव्हा माझे चारही खांब हलले.

दुसऱ्या दिवशी वरात आली. पेंग आजी जिन्याकडे गेल्याच नाहीत. सरळ घराखाली आल्या, माझ्या फळीवर बसल्या आणि सामोनने उतरवून दिलेला शेला त्यांनी माझ्या तुळईवर पसरला. मग वाकून माझे दोरे पाहिले.

"हे नवे आहेत. जुने कुठं गेले?"

"आज पाहुण्यांच्या मनगटावर जातील, आजी," सामोन म्हणाली आणि सगळे सांगितले. मावशी खांबाआड उभ्या होत्या.

आजींनी माझ्या खांबाला टांगलेला मोजायचा टेप मागून घेतला. नक्षी दोन्ही बाजूंनी मोजली. मग शेला खांद्यावर टाकला आणि वर तोंड करून म्हणाल्या, "पहिला दोरा माझा आहे. मी येईपर्यंत कुणी त्या पोरीच्या हाताला हात लावायचा नाही." मावशींकडे वळून म्हणाल्या, "आणि तू गं, कात्री इथंच ठेव आणि माझा हात धर. जिना उंच आहे."

थोड्या वेळाने वरून ढोल वाजू लागला आणि वरच्या घराची जमीन माझ्या डोक्यावर थरथरत राहिली.

मित्रांनो, तुमच्याही घरात एखादी जुनी वस्तू असेल, तिला काहीतरी लोंबत असेल, सैल असेल, निरुपयोगी दिसत असेल. तोडण्याआधी, ज्याचा हात तिच्यावर रोज फिरतो त्याला एकदा विचारा. आणि चुकून तोडलेच, तर लगेच कबूल करा. मोजायला वेळ मिळतो.

आजींच्या टेपावर जुनी अर्धी नक्षी एकोणीस सेंटिमीटर दोन मिलिमीटर भरली. नवी अर्धी, एकोणीस सेंटिमीटर तीन मिलिमीटर.