झाडावर चढलेली शिकारीची कोठी

मित्रांनो, मी सांगते त्यावर तुमचा विश्वास बसणार नाही. नाही तर नका ठेवू! मी इंग्लंडातल्या नदीकाठच्या रानातली एक जुनी शिकारीची कोठी आहे, आणि माझ्याइतकी खरं बोलणारी इमारत या देशात दुसरी नाही.

माझ्या तुळईसाठी तोडलेला ओक एवढा मोठा होता की त्याच्या ढोलीत सुतारांची पंगत बसे. राजा शिकारीला येई. एकदा त्याने माझ्या खिडकीतून बाण सोडला, तर हरणाने तो शिंगांवर झेलला आणि अदबीने परत आणून दिला. मग राजे गेले आणि माझ्या दिवाणखान्यात कोंबड्या आल्या. आता हे रान संरक्षित आहे. इथली फांदी तोडायलाही परवानगी लागते. आणि मला? मला कोणीही यावं अन् लिंपून जावं!

आज मिल्टन कीन्स शहरातून मराठी मंडळी माझ्या अंगणातली खाजरी झुडपं काढायला आली. झुडपं निघाली, तशी त्यांच्यातल्या उल्हासला माझ्या भिंतींच्या तळाशी असलेली भोकं दिसली.

"आसावरीताई, हे बघा! उंदरांना मोकळं रान. बुजवूनच टाकतो."

"अहो, या रानाच्या वॉर्डनला विचारलंत का?"

"तो लंचला गेलाय. घरामागच्या पॅटिओचं सिमेंट उरलंय गाडीत. काचा घालून लिंपलं की उंदीर फिरकत नाही. गावाकडे असंच करायचो आम्ही."

उंदीर म्हणे! अहो, दर पुराचं पाणी दारातून आत येतं आणि त्या भोकांतून निघून जातं. ती बुजली तर पाणी पोटात तुंबेल, भिंती फुगतील आणि पुढच्या हिवाळ्यात मी आडवी होईन. मदत करायची तर आधी विचारावं ना! दाराजवळच्या पाटीवर हे सगळं खरंखरं लिहिलंय. उल्हासने तिच्यावर कोट टांगलाय.

खरं कोण वाचतो? खोटं पकडायला मात्र सगळे धावतात. माझं बोलणं फक्त मुलांना ऐकू येतं. उल्हासची लेक ऋचा दाराच्या आतच भिंतीला टेकून बसली होती. थापी पहिल्या भोकाशी पोचली, तशी मी तिच्या कानात ओरडले, "ऐक गं! पूर आला की मी झाडावर चढून बसते. आजवर माझ्या आत पाण्याचा थेंब आलेला नाही!"

ऋचाने भिंतीकडे वळून पाहिलं आणि ताडकन उठली.

"बाबा, स्टॉप! ही कोठी खोटा बोलते! वॉलवर बघ, पाण्याची लाईन माझ्या डोक्याच्या वर आहे. पाणी आत आला होता! आणि ह्या होल्समधूनच बाहेर गेला असेल ना? तू क्लोज केलं, तर तो जाणार कुठून?"