लागल्यासारखं

ऑपरेशननंतर साडेतीन महिन्यांनी मी शिवणखात्यात परत गेले ती नणंदेच्या शब्दावर. शाळांचे गणवेश शिवणारा कारखाना आमचा. वन्सं काजाच्या मशीनवर, मी कॉलर जोडायला. आजारातून उठलेली बाई परत घ्यायला वरचे लोक नाखूश होते. तेव्हा देखरेख करणाऱ्या बाईंना वन्संनी ठासून सांगितलं, "अहो, तुमचा उलट फायदाच आहे! तिला आता संडासाला जावंच लागत नाही. पोटावर पिशवी आहे. एकदा बसली की जागची हलायची नाही."

त्या बाईंना आम्ही मागून घड्याळबाई म्हणायचो. त्या म्हणाल्या, महिनाभर बघू, मग कायम करू.

वन्संनी हे घरी येऊन कौतुकाने सांगितलं. मी ते खोडून काढलं नाही. मला ती जागा हवी होती. घरी मी आजारी होते. येणारा-जाणारा आधी माझ्या पोटाकडे बघायचा आणि मग तोंडाकडे. मशीनवर मी कॉलरवाली होते.

पण वन्संनी सांगितलं ते खरं नव्हतं. मळ पिशवीत येतो हे खरं. ती मी सकाळी आणि रात्री रिकामी करते, मध्ये सहसा गरज पडत नाही. मात्र आतड्याचं खालचं टोक डॉक्टरांनी आतून शिवून तसंच ठेवलंय. त्याला अजून कुणी कळवलेलंच नाही. दिवसातून आठ-दहा वेळा तिथे असा दाब येतो, की आता उठलं नाही तर चारचौघांत अब्रू जाईल. जड, खाली ओढणारं, खुर्चीवर दगड ठेवून त्यावर बसल्यासारखं. जाऊन बसावं तर काही नाही. कधी चमचाभर पांढरं, चिकट पाणी. बहुतेकदा तेही नाही.

पिशवी लावायला शिकवणाऱ्या नर्सबाईंना मी हे लाजत लाजत विचारलं होतं. त्या म्हणाल्या, "पुष्कळांना होतं. ते टोक जिवंत आहे, आणि मेंदूची सवय जुनी आहे. कळ आली की जाऊन बसायचं. जोर मात्र करायचा नाही. लांब श्वास घ्यायचा, पाच-सात मिनिटांत ओसरतं. रक्त दिसलं किंवा ताप आला तर लगेच या." पुढे म्हणाल्या, "वेड लागलंय असं समजू नका हं." तेवढ्या एका वाक्यासाठी मी रोज त्यांच्यासाठी प्रार्थना करते.

आमच्या खात्यात दाराजवळच्या खिळ्याला दोन पत्र्याचे बिल्ले असतात. ज्या बाईला जायचं तिने बिल्ला घ्यायचा, आल्यावर परत अडकवायचा. पहिल्या दिवशी मी तो चार वेळा घेतला. दुसऱ्या दिवशी पाच. तिसऱ्या दिवशी घड्याळबाई माझ्या मशीनपाशी येऊन उभ्या राहिल्या.

"काय हो, तुम्हाला तर लागत नाही ना?"

"लागत नाही, पण लागल्यासारखं होतं."

"म्हणजे?"

मी हळू आवाजात सगळं सांगितलं. मशीन थांबली होती, त्यामुळे ते मागच्या रांगेतही पोचलं. खिसे लावणारी एकजण म्हणाली, "बाई गं, दुकान बंद झालं तरी गिऱ्हाईक दार वाजवतंय!" सगळी रांग हसली. खोटं कशाला सांगू, मलाही जरा हसू आलं.

घड्याळबाई हसल्या नाहीत. "मग तिथे जाऊन करता काय?"

"बसते."

"होतं काही?"

"नाही."

"काही होत नाही, तरी दहा-दहा मिनिटं बसता. मी हे वर काय म्हणून सांगू? बाई आत बसून श्वास घेते?"

दुपारी हात धुताना वन्संनी मला कोपऱ्यात घेतलं. "वहिनी, तू माझं तोंड काळं करणार आहेस का? पिशवी रिकामी करायला जाते म्हणून सांग ना! पिशवी म्हटलं की कुणी पुढे विचारत नाही. किळस वाटते लोकांना."

"पण मी पिशवी रिकामी करायला जात नाही, वन्सं."

"आली मोठी सत्यवचनी! कोण बघायला येतंय पिशवीत?"

बघणारा कोण ते मी त्यांना सांगितलं नाही. एकवीस वर्षं मी रोज सकाळी देवापुढे एकच मागते, आज माझ्या तोंडून खोटं जाऊ नये. नेम मोडू नये म्हणून लग्नाकार्यातली खोटी तारीफसुद्धा टाळत आले. भूल उतरत असताना डॉक्टरांनी "दुखतंय का?" विचारलं, तेव्हाही धीराची म्हणवून घेण्यासाठी "नाही" म्हटलं नाही.

पुढचे चार दिवस बिल्ल्याला हात लावला नाही. कळ आली की एका बाजूवर वजन टाकून बसायची, ओठ मिटून नाम घ्यायची. पाचव्या दिवशी एक अख्खा गठ्ठा कॉलर उलट्या बाजूने जोडला गेला. घड्याळबाईंनी तो माझ्यासमोर ठेवला.

"आजारपण आहे, मला कळतं. पण खरं कारण सांगा. नाहीतर उद्यापासून येऊ नका."

खरं कारण मी त्यांना दिलं होतं. माझ्याकडे दुसरं नव्हतं. वन्संची मशीनही थांबली. त्या माझ्याकडे बघत नव्हत्या, काजाकडे बघत होत्या. आणि नेमकी तेव्हाच कळ आली, अशी की डोळ्यांपुढे कॉलर हलायला लागल्या.

"पिशवी," मी म्हणाले. "तासातासाला रिकामी करावी लागते. सांगायला लाज वाटत होती."

घड्याळबाईंचा चेहरा एकदम मऊ झाला. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "अहो, मग आधीच नाही का सांगायचं! आम्ही काय माणसं नाही? उगीच ते श्वासाबिसाचं काय काय सांगत बसलात." खिळ्यावरचा बिल्ला काढून त्यांनी माझ्या हातात दिला. "हा तुमच्याकडेच ठेवा. विचारायचं नाही, उठायचं आणि जायचं."

खिसेवाली उठून आली, माफ करा म्हणाली. तिचे डोळे भरले होते. वन्सं मान हलवून हसल्या, जणू मूल पहिल्यांदा शहाण्यासारखं वागलं होतं.

मी जाऊन बसले. जोर केला नाही. लांब श्वास घेतला. पिशवी सपाट होती, सकाळी धुतल्यापासून तशीच. खालचा दाब वाढत गेला, मग थोडा कमी झाला; पूर्ण गेला नाही. नाम घ्यायला ओठ उघडले आणि मिटले. आतापर्यंत तिथे बसून घेत होते, त्याची कधी लाज वाटली नव्हती.

दारावर हलकी टकटक झाली. खिसेवालीच होती. "ताई, सावकाश होऊ दे हं. झाली का पिशवी रिकामी? पाणी आणून देऊ?"

"झाली," मी आतून म्हणाले. "आत्ताच झाली."