इर्जिकीचं जेवण

"बोला, फुलाबाईंच्या तंबूंना कुणाची हरकत हाय का?" सरपंचांनी विचारलं, आणि शाळेच्या व्हरांड्यात बसलेले सगळे एकमेकांच्या तोंडाकडं बघायला लागले.

फुलाबाई निर्धास्त होती. धरणाच्या पाण्यालगतच्या तिच्या माळावर पुण्याच्या पाहुण्यांसाठी चार तंबू, एक न्हाणीघर आणि चुलीवरचं जेवण, एवढाच काय तो पसारा. ग्रामसभेनं होकार दिला की पंचायतीची ना-हरकत मिळणार होती. पिरंगुटच्या कारखान्यात दिवसभर उभं राहून तिच्या लेकीच्या, दीपालीच्या पायांना सूज यायची. ती पोर नोकरी सोडून घरी आली ती याच भरवशावर.

आणि हरकत घेणार तरी कोण? उन्हाळ्यात माळ सपाट करायला तिनं इर्जिक घातली, तेव्हा अख्खा गाव लोटला होता. इर्जिकीला मजुरी नसते. आज सगळ्यांनी एकाकडं राबायचं, त्याच्या घरचं पोटभर जेवायचं, उद्या त्यानं दुसऱ्याकडं जायचं. माळ कशासाठी सपाट होतोय हे साऱ्यांना ठाऊक होतं. मग जो माणूस राबून, जेवून गेला, तो कामाच्या आड कसा येईल? भोळी बाई! आलेल्या माणसांनाच ती होकार समजली, आणि तोंडानं कुणाला विचारायचं राहूनच गेलं.

"माझी हाय हरकत."

हैबतराव उठून उभे राहिले होते. तिचे चुलत दीर. इर्जिकीला बैलजोडी घेऊन सगळ्यांत आधी हजर झालेले, आणि पंगतीत बोटं चाटत म्हणालेले, "वैनी, ह्या रश्श्याला तोड न्हाई. पाव्हणं पुण्याला परत जायाचंच न्हाईत!"

"भावजी, तुमची?" तिच्या तोंडून एवढंच निघालं.

"राग मानू नका वैनी. पर तंबू म्हंजी दारू आली, रातभर गानी आली. थर्टीफस्टच्या बाटल्या आजून पायात घुसत्यात."

"माझ्याबी पायात घुसल्यात की! म्हनून तर दारूला बंदी ठिवनार हाय. घरची बाई जागी आसंल तितं कोन धिंगाना घालंल?"

"बंदीला कोन इचारतंय!" मागून कुणीतरी म्हणालं, आणि हशा पिकला.

दीपाली ताडकन उठली. "आन पलीकडच्या वळणावरच्या रिसॉर्टात काय कीर्तन चालतंय व्हय?"

"तितली गोष्ट येगळी," हैबतराव गुरकावले.

"येगळीच की," भिंतीला टेकलेला गोमा भाबडेपणानं बोलून गेला. वरच्या वाडीचा हा माणूस त्या रिसॉर्टात रोजंदारीनं गवत कापायचा. "तितं तुमचा इलास म्यानेजर हाय. मालकानं त्येला सांगितलंय म्हनं, आजूबाजूला दुसरं कुनी उभं राहू द्यायचं न्हाई."

हैबतरावांच्या पोराला, विलासला नोकरी लागल्याचे पेढे फुलाबाईनंही खाल्ले होते. कुठं लागली, ते मात्र तिला कुणी सांगितलं नव्हतं.

सरपंचांनी घाईघाईनं हात वर करायला सांगितले. हरकतीच्या बाजूनं एकेक हात वर जाऊ लागला. ज्यानं माळावरचे धोंडे उचलले त्याचा. ज्यानं तिसरी भाकरी मागून घेतली त्याचा. तिच्या बाजूनं दीपालीचा, आणि चाचरत का होईना, गोमाचा. बाकी सगळ्यांनी माना खाली घातल्या, आणि ना-हरकत नामंजूर झाली. परक्यानं लाथ मारली असती तर सोसली असती; इथं घरच्यांनीच केसानं गळा कापला होता.

पंधरवड्यात भातलावणीची आवणी आली, आणि हैबतरावांनी इर्जिक घातली.

"आये, त्येंच्याकडं जायाचं न्हाई!" दीपाली कडाडली. दुसऱ्या दिवसापासून ती पुन्हा कंपनीत जाणार होती.

"जायाचं. त्येंची जोडी आपल्या माळावर दिसभर राबलीया. त्ये फेडल्याबिगर मला त्येंच्याशी भांडताबी येत न्हाई."

सकाळी दीपाली पिरंगुटच्या गाडीत बसली आणि फुलाबाई पदर खोचून हैबतरावांच्या खाचरात उतरली. बायका गात होत्या, ती गायली नाही. खाली वाकून रोपं लावत राहिली. बांधावरून हैबतराव बघत होते. वैनी आली म्हणजे राग गेला, असं त्यांना वाटलं असावं.

दुपारी पंगत बसली. तिच्यासाठीही पत्रावळ मांडली गेली.

"बसा वैनी. मटण झ्याक झालंय."

फुलाबाईनं पाटाच्या पाण्यात पाय धुतले. "जेवान नगं, भावजी. फिटलं."

"आवं, आसं कुटं आसतंय व्हय? इर्जिकीत राबून उपाशी जायचं?"

"आसतंय. आजपास्नं तुमी माझ्या कामाला येऊ नगा, मी तुमच्या येनार न्हाई."

इर्जिकीतून न जेवता उठलेलं माणूस त्या गावानं आजवर पाहिलं नव्हतं. हैबतरावांचा घास हातातच राहिला. फुलाबाई बांधाबांधानं चालत निघाली.

ती थेट आपल्या माळावर आली. सपाट केलेल्या जमिनीवर हिरवळ उगवली होती. पहिला तंबू जिथं उभा राहायचा होता तिथं ती बसली आणि फडक्यातली भाकरी सोडली. सवयीनं अर्धी दीपालीसाठी काढून ठेवली. मग लक्षात आलं, तसं तिनं ती अर्धी पुन्हा फडक्यात बांधली.