डब्यातल्या बुरशीला सांगितलेलं गाऱ्हाणं

खरं सांगतो, हे लिहिणारच नव्हतो. टाईप केलं, खोडलं, परत टाईप केलं. पण पोटात राहीना.

तर, प्रयोगशाळेत त्याला सगळे मौनी म्हणायचे. चारचौघांत तोंड उघडायचं म्हणजे त्याच्या जिवावर यायचं. चहा हवा का विचारलं तर मान हलवायचा, तीही अशी की हो का नाही कळू नये.

काम मात्र पक्कं. माणसाच्या अंगात शिरणारी एक बुरशी. एरवी गोल गोल, गरीब गाईसारखी पडून असते. पण बाहेरून कसला तरी इशारा मिळाला की पेशीच्या आत निरोप पोचतो, आणि बया लांबलचक तंतू काढून घुसखोरी करते. तो इशारा मौनी शोधत होता. त्याने बुरशीसाठी एक नवं खाद्य बनवलं. त्यावर बुरशी लावली, झाकलेल्या बशा हवाबंद डब्यात ठेवल्या, की सकाळी तंतूच तंतू! जादू खाद्यातच आहे, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं.

मग प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडमनी तोच प्रयोग चिमटीला दिला. चिमटी म्हणजे शेजारच्या टेबलावरची त्याची मैत्रीण. हात इतका नेटका की नावच पडलं. तेच खाद्य, तीच बुरशी, तसाच डबा. सकाळी बघते तर गोल गोल. परत केलं, परत गोल गोल.

"वाटाणे पिकवतेस का गं?" मॅडम म्हणाल्या. मग हसणं संपलं. "शुक्रवारी जमलं नाही तर हे काम दुसऱ्याला देते."

चिमटीने मौनीला कोपऱ्यात गाठलं. "मेल्या, तू काय मंत्र मारतोस रे?"

मौनीचे कान लाल. मंत्र नाही, पण तसंच काहीतरी. कोणी नसलं की तो डब्याचं झाकण जरा उचलायचा, तोंड आत घालायचा आणि मन मोकळं करायचा. बशांवर तोंड घालून बोलणं म्हणजे त्या खोलीतलं महापाप, भलतेच जंतू पडतात. पण करणार काय? ताई आणि भावोजी चार दिवसांसाठी म्हणून आले आणि ठाण मांडून बसले. "अगं, माझ्या टूथब्रशने बूट घासले! वर म्हणतात, जुनाच होता की!" एवढं बोलून झाकण टप्पकन बंद.

मधे एकदा त्याचा घसा बसला होता, तेव्हा तंतू आलेच नव्हते. ते त्याने खाद्याच्या माथी मारलं होतं. आता ते आठवलं. सांगावं तर फजिती, न सांगावं तर चिमटीचं काम जातंय.

शुक्रवारी गोल गोलच. मॅडम काही बोलणार, तेवढ्यात मौनी उठला.

"मॅडम, मी बोलतो."

"बोल की."

"म्हणजे, बुरशीशी बोलतो."

"काय बोलतोस?"

"भावोजींबद्दल."

मॅडमनी चष्मा काढला. "बोलून दाखव."

"सगळ्यांसमोर?"

"बुरशीसमोर लाज नाही वाटत?"

मौनीने चिमटीच्या नव्या डब्यात तोंड घातलं. आधी नुसती फुसफुस. मग गाडी सुटली. टूथब्रश, घोरणं, बाथरूम अडवून बसणं. "आणि उशी नेली गं माझी, उशी!" दारातला शिपाई डोळे पुसत होता. हसून की रडून, देव जाणे.

दुसऱ्या दिवशी डब्यात जंगल.

चिमटी म्हणाली, "शब्दांचं काय घेऊन बसलात? श्वास!" तिने साध्या खाद्याच्या बशा घेतल्या, डब्यात सिलिंडरमधला कार्बन डायऑक्साइड सोडला. चकार शब्द नाही. तरी तंतू!

"हा निरोप पेशीत कोण पोचवतं, ते आता तूच शोध," मॅडम तिला म्हणाल्या. मग मौनीकडे वळल्या. "तुझं खाद्य भावोजींना घाल."

जिन्यात चिमटीने त्याला अडवलं. "काम वाचवलंस, उपकार झाले. पण मी शेजारी बसते, आणि गाऱ्हाणं बुरशीला? मी काय मेले होते?"

"ती मधे बोलत नाही."

"अंगभर तंतू काढते ना!"

मौनीला हसू फुटलं. "बरं बाई, शब्द देतो. आजपासून घरी काहीही झालं तरी आधी तुला सांगेन. तू मधे बोललीस, हसलीस, तरी शेवटपर्यंत सांगेन."